फिल्टर बंद नका करू, धार मोडा

पत्र नाशिकहून आलंय, एका ताईंचं. थोडं लहान करून देतेय:

"मुलाच्या वाढदिवसाला २ फुटी फिश टँक घेतला. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. त्यात १ निळा फायटर, ५ गप्पी आणि १ सकर फिश आहे. दुकानदाराने आत बसवायचा पावर फिल्टर दिला, बॉक्सवर ताशी ८०० लिटर लिहिलंय, म्हणाला फिल्टर जेवढा मोठा तेवढं पाणी स्वच्छ. पाणी खरंच काचेसारखं आहे पण फायटर दिवसभर प्लास्टिकच्या किल्ल्यामागे कोपऱ्यात बसून असतो, बाहेर आला की वाहत जातो आणि खायला टाकलेला दाणा त्याच्या तोंडापर्यंत येतच नाही. शेपटीला दोन ठिकाणी चीर पडलीये. सासूबाई म्हणतात मासा दमलाय, म्हणून आता आम्ही रात्री ११ ला फिल्टर बंद करतो आणि सकाळी ७ ला चालू करतो. रात्री तो छान फिरतो. पण सकाळी गप्पी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला सकर बघा कसा मजेत आहे, काही प्रॉब्लेम नाही. आम्ही नक्की काय करायचं? छोटा फिल्टर आणायचा का?"

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. आज रात्रीपासून फिल्टर बंद करू नका. सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, मासा खरोखर दमतोय, पण त्यावर जो उपाय केलाय ना तो दुसरा त्रास ओढवून घेणारा आहे आणि सकाळी वर येणारे गप्पी तुम्हाला तेच सांगतायत.

कसं ते सांगते. फिल्टरचा स्पंज फक्त कचरा अडवतो असं आपल्याला वाटतं, पण त्याचं खरं काम वेगळंच आहे. त्या स्पंजच्या छिद्राछिद्रात बॅक्टेरिया वाढलेले असतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि शीमधून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष आहे. हे बॅक्टेरिया त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग त्याचं नायट्रेट करतात जे त्यामानाने बरंच सौम्य असतं आणि आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. आता या बॅक्टेरियांना काम करायला ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. मोटर बंद झाली की स्पंजमधलं पाणी तिथेच अडकून राहतं, काही तासांत त्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि इकडे टँकमध्ये अमोनिया मात्र बनतच राहतो, मासे काही रात्री श्वास घ्यायचे थांबत नाहीत. रोज ८ तास असं केलं तर स्पंजमधली ती वस्ती नीट जमतच नाही, आणि तुमचा टँक नवा आहे म्हणजे ती आत्ता कुठे वसायला लागली असेल.

दुसरं म्हणजे हवा. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून. वरचं पाणी हललं, खालचं वर आलं, वरचं खाली गेलं तर पूर्ण टँकला हवा मिळते. मोटर बंद केली की वरचा थर तेवढा बरा राहतो आणि खालचं पाणी गुदमरतं, म्हणून पहाटेपर्यंत गप्पी वर येऊन पृष्ठभागाला तोंड लावून असतात. फायटर मात्र मजेत दिसतो कारण त्याला कल्ल्यांशिवाय आणखी एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला, त्याने तो वर येऊन थेट हवा घेतो. म्हणजे फायटर रात्री छान फिरला यावरून पाणी चांगलं आहे असं धरायचं नाही. पाणी कसं आहे ते गप्पींना विचारा, धार कशी आहे ते फायटरला विचारा, मी माझ्या टँकमध्ये असंच बघते.

आता फायटरला एवढा त्रास का होतो. हा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातला, भातखाचरं, दलदल, गवत माजलेले संथ पाट, अशा ठिकाणचा. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात खाचरात जसं गुडघाभर पाणी उभं असतं ना तसं पाणी डोळ्यासमोर आणा. नर पाण्यावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, ते वाहत्या पाण्यात टिकेल का? बरं मूळच्या जंगली फायटरचे पर आखूड असतात, आपण दुकानातून आणतो ते पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांब परांचे केलेले. म्हणजे मुळात संथ पाण्याचा मासा आणि त्यावर आपण त्याला नऊवारीचा घोळ नेसवलाय आणि सोडलाय धबधब्याखाली. पोहायला जोर लावावा तर ते पर उलटे पाण्यात अडकून त्यालाच मागे ओढतात.

सकरची गोष्ट वेगळी. तो तोंडाने काचेला, दगडाला चिकटून बसतो, त्याला धार लागली तरी तो हलत नाही. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतसुद्धा दगडाला पोट चिकटवून राहणारे छोटे छोटे लोच मासे असतात, पावसाळ्यातल्या लोंढ्यातही जागा सोडत नाहीत. आणि केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या नद्यांतला तो लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला दुकानात मिस केरळ म्हणतात, त्याला तर वाहतं पाणी आवडतंच. तेव्हा सकर मजेत आहे हे दुकानदाराचं उत्तर खोटं नाही पण ते फायटरच्या प्रश्नाचं उत्तर नाही. गप्पी मधले म्हणायचे. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" आपण भिंतींवर वाचलेलं आहे, ते गप्पी साठलेल्या पाण्यात, हौदात सोडतात, म्हणजे त्यांना धारेची गरज नाहीच, थोडी झुळूक चालते. त्यातही मोठ्या पंखाशेपटीचे नर असतील तर त्यांनाही तुमचा आत्ताचा जोर जास्तच होत असणार.

आता हिशोब करू, सोपा आहे. टँकची मापं फुटात घ्यायची आणि गुणायची, एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. तुमचा २ गुणिले १ गुणिले १, म्हणजे ५६ लिटरच्या थोडं वर. पण वर दोनेक इंच रिकामं असतं, खाली खडे असतात, किल्ला असतो, ते वजा जाता खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. फिल्टर ताशी ८०० चा, म्हणजे सगळं पाणी तासाला १७-१८ वेळा त्या मोटरमधून जातंय. घरगुती मिश्र टँकला साधारणपणे तासाला ४-५ वेळा पुरे धरतात, तुमच्या टँकला म्हणजे १८० ते २२५ लिटर, आणि फायटरसाठी त्याहून कमी असलं तरी भागतं. बॉक्सवरचा आकडा असतो तो स्पंज न घालता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो, खरा प्रवाह त्यापेक्षा कमीच, पण निम्मा धरला तरी तुमच्याकडे जास्त आहे.

खरा किती आहे ते घरीच मोजता येतं आणि मुलाला हे करायला खूप आवडेल. फिल्टर पाण्यातच ठेवायचा, फक्त त्याच्या तोंडाला एक आखूड जाड नळी बसवायची आणि नळीचं टोक काठावरून लगेच खाली धरलेल्या जगमध्ये सोडायचं, २ लिटरचा जग किती सेकंदात भरतो ते मोबाईलवर मोजा. ९ सेकंदात भरला तर ताशी ८००, १८ सेकंदात भरला तर ४००, ३६ सेकंदात भरला तर २००. मोटर पाण्याबाहेर कोरडी चालवायची नाही हं, आणि टँकमध्ये हात घालायच्या आधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा, बटण बंद करून भागवायचं नाही, प्लगच काढायचा. वायर बोर्डाकडे जाताना मध्ये खाली एक झोळ देऊन मग वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, बोर्डात जाणार नाही. मुलाचा टँक आहे म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

पण मोजमापापेक्षा मला स्वतःला दुसरी परीक्षा जास्त पटते. माशांच्या खाण्यातले दोनचार दाणे बोटांनी बारीक चुरा आणि पाण्यात सोडा, आणि मग पाच मिनिटं बसून बघा ते कण कुठून कुठे जातात. फिल्टरच्या तोंडासमोर ते सुसाट जातील, समोरच्या काचेवर आपटून खाली वळतील, तळाने परत येतील, आणि कुठेतरी एका जागी घुटमळतील. ती घुटमळायची जागा म्हणजे तुमच्या फायटरचं घर, तो किल्ल्यामागे का बसतो ते लगेच कळेल. आपल्याला काय हवंय तर टँकच्या एका बाजूला, वरवर थोडी हालचाल, आणि निदान निम्म्या टँकमध्ये कण आरामात, तरंगत तरंगत खाली बसले पाहिजेत. पृष्ठभाग मात्र आरशासारखा स्थिर नको. गरम चहावर फुंकर मारल्यावर जशी बारीक लहर उठते ना तेवढी हालचाल पुरे.

तर छोटा फिल्टर आणायचा का, हा तुमचा प्रश्न. लगेच नको. आधी आहे त्याचीच धार मोडून बघू, फिल्टरमधून पाणी जाऊ दे, फक्त बाहेर येताना त्याचा जोर एका जागी एकवटलेला नको, पसरलेला हवा.

सगळ्यात सोपं म्हणजे तोंड फिरवा. बहुतेक पावर फिल्टरचं नोझल फिरतं, आत्ता ते टँकच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे २ फूट सरळ धार, असं असणार. तसंच असेल तर ते मागच्या काचेकडे फिरवा किंवा जवळच्या कोपऱ्याकडे, म्हणजे धार आधी काचेवर आपटेल, तिथे तिचा जोर जाईल आणि मग पाणी पसरून येईल. किंचित वरच्या बाजूला तिरकं ठेवलं तर पृष्ठभागही हलतो. फिल्टर स्वतःच काचेच्या मधोमध लावला असेल तर तो आखूड बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात न्या. निम्म्या टँकांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो, खर्च शून्य. नोझलवर किंवा मोटरच्या डोक्यावर एखादी फिरकी किंवा सरकपट्टी असेल तर तो रेग्युलेटर, तो पूर्ण कमी करा. आणि एक बारीक नळी वर आलेली असेल, हवा ओढणारी, त्यातून बुडबुडे येत असतील, तर तिचं टोपण थोडं आवळून बघा, बुडबुड्यांचा फवारा कमी झाला की आवाजही उतरतो.

एवढं करून कण अजून पळत असतील तर नोझलवर स्पंज. मोठ्या छिद्रांचा काळा फिल्टर स्पंज मिळतो, त्याचा अंड्याएवढा तुकडा घ्यायचा, मध्ये चीर देऊन नोझलवर टोपीसारखा बसवायचा. भांडी घासायचा स्पंज अजिबात नको, त्यात काय काय रसायनं घातलेली असतात. स्पंजची टोपी धारेचा जोर एकदम उतरवते आणि वर त्यातही बॅक्टेरिया वाढतात, म्हणजे फायदाच. फक्त आठवड्याला ती पिळून घ्यायची, नाहीतर चोंदते.

आणि मला सगळ्यात आवडता उपाय म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा. रिकामी स्वच्छ बाटली घ्या, तिचं तोंड नोझलवर घट्ट बसतंय का बघा, सैल असेल तर मध्ये नळीचा तुकडा घाला. बाटली आडवी, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, मागच्या काचेला समांतर ठेवायची, आणि तिला छिद्रं पाडायची, म्हणजे एक जाड धार येण्याऐवजी खूप बारीक झरे येतील. इथे एक चूक सगळे करतात, चारपाचच छिद्रं पाडतात, मग होतं काय, पाण्याला बाहेर पडायला जागा कमी पडते आणि प्रत्येक छिद्रातून पिचकारी उडते, आधीपेक्षा वाईट. छिद्रांची सगळी मिळून जागा नोझलच्या तोंडापेक्षा मोठी हवी. समजा नोझल १२ मिलिमीटरचं आहे आणि तुम्ही ३ मिलिमीटरची छिद्रं पाडताय, तर १६ छिद्रं झाली की कुठे नोझलएवढी जागा होते, म्हणून तुम्ही ३० तरी पाडा, काचेच्या बाजूला आणि थोडी वर तोंड करून. खिळा गरम करून छिद्रं छान पडतात, ते काम मुलाला नका देऊ, तुम्ही करा. कडा हाताला खरखरीत लागल्या तर पॉलिश पेपर मारा, फायटरचे पर कागदापेक्षा नाजूक असतात. त्याच कारणासाठी तो प्लास्टिकचा किल्लाही एकदा हातात घेऊन बोट फिरवून बघा, त्याच्या कडा धारदार निघाल्या तर शेपटीच्या चिरा धारेने नसतील, किल्ल्याने असतील, किंवा दोन्हीने, कारण धारेने ढकललेला मासा किल्ल्यावरच आपटतो.

झाडांचाही उपयोग होतो. हॉर्नवर्टसारखं काहीतरी नोझलसमोर बांधलं तर पाणी त्याच्या काड्यांतून गाळून येतं आणि धार मऊ होते, शिवाय फायटरला पानांवर टेकून बसायला आवडतं, वरच्या थराजवळ एखादं रुंद पान असलं की तो तिथेच झोपतो.

आता काय करायचं नाही ते. धार कमी करायला म्हणून पाणी ओढायच्या बाजूला फडकं, मोजे, जाड स्पंज कोंबू नका. मोटरला पाणी कमी पडलं की ती हवा ओढते, घरघरते, तापते. बाहेर पडणाऱ्या बाजूला अडवलं तर या छोट्या मोटरांना सहसा त्रास होत नाही, आत येणाऱ्या बाजूला अडवलं तर होतो, एवढं लक्षात ठेवा. ओढायच्या बाजूला पातळ, मोठ्या छिद्रांचा स्पंज मात्र चालतो, गप्पींना पिल्लं झाली तर तो लावावाच लागेल नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. आणि पंख्याचा रेग्युलेटर लावून मोटर हळू करता येईल असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. या मोटरी तशा हळू होत नाहीत, एका मर्यादेनंतर अडकतात आणि तापतात, आणि हे सगळं पाण्यात आहे.

रात्री आवाज होतो म्हणूनही लोक बंद करतात, तुमचं तसं असेल तर आधी रबरी कप काचेला नीट चिकटलेत का बघा, बहुतेकदा मोटर काचेला टेकून थरथरत असते. आणि आतलं छोटं चक्र काढून, त्यात केस किंवा शेवाळ अडकलंय का बघून, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवा. खायला घालताना मात्र ५ मिनिटं फिल्टर बंद केला तर हरकत नाही, उलट करा, म्हणजे फायटरला दाणा मिळेल. फक्त परत चालू करायची आठवण राहिली पाहिजे, मी मोबाईलला टायमर लावते, रोज, इतक्या वर्षांनी सुद्धा.

हे इतकं आग्रहाने का सांगतेय त्याला कारण आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत माझ्याकडे ३ फुटी टँकला बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर होता, बंद डब्याचा. एका दिवशी सकाळी गेलेली लाईट संध्याकाळी आली, फिल्टर आपोआप चालू झाला आणि मी समाधानाने जेवायला बसले. तासाभरात टँकला कुजकट वास. डब्यातलं पाणी दिवसभर बंद राहून सडलं होतं आणि चालू झाल्यावर ते सगळं सरळ माशांवर गेलं होतं. मी अर्धं पाणी बदललं, हवेचं मशीन लावलं, तरी सकाळपर्यंत ४ एंजल मासे गेले, सगळ्यात मोठा माझ्या हातातून खात असे. तेव्हापासून लाईट चारपाच तासांपेक्षा जास्त गेली की मी कॅनिस्टर उघडून टँकच्याच पाण्यात स्पंज खंगाळल्याशिवाय चालू करत नाही. तुमचा फिल्टर टँकच्या आतच आहे, त्यामुळे धोका तेवढा नाही, पण रोज रात्री ८ तास म्हणजे रोज छोटं लोडशेडिंगच की.

आणि आता उन्हाळ्याचं बोलू, कारण नाशिकलाही एप्रिल-मे काही थंड नसतो. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. म्हणजे हिवाळ्यात जेवढी लहर चालून जाते तेवढी मे महिन्यात पुरत नाही. तेव्हा धार मोडताना पृष्ठभागाची हालचाल पूर्ण मारू नका, उन्हाळ्यात नोझल आणखी थोडं वर तिरकं करा. रात्री दिवे बंद केल्यावर खरी झाडंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात कठीण. उजाडायच्या आधी एकदा उठून टॉर्च न मारता, लांबूनच बघा, गप्पी खाली असतील तर सगळं ठीक.

एवढं सगळं करूनही कण पळतायत असं दिसलं तर मग फिल्टर बदला, आणि बदलायचाच तर मी छोटा पावर फिल्टर न सांगता स्पंज फिल्टर सांगेन, हवेच्या मशीनवर चालणारा. स्वस्त आहे, फायटरसाठी यापेक्षा चांगलं काही नाही, बुडबुडे वर जाताना स्पंजमधून पाणी हळूहळू ओढलं जातं, धार अशी नसतेच. मशीन आणि स्पंजच्या मध्ये नळीवर प्लास्टिकचा छोटा व्हॉल्व्ह लावला की बुडबुडे हवे तेवढे कमीजास्त करता येतात. मशीन पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा, कारण लाईट गेली की पाणी नळीतून उलटं मशीनमध्ये येतं आणि मग जमिनीवर. पण जुना फिल्टर लगेच काढू नका हं. महिनाभर दोन्ही चालवा म्हणजे नव्या स्पंजमध्ये बॅक्टेरिया वसतील, मग जुना काढा. आणि स्पंज कोणताही असो, नळाखाली धुवायचा नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती सगळी वस्ती मरते. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या बादलीतच दोनतीनदा पिळायचा, मळकट दिसला तरी चालतो, पांढराशुभ्र करायचा नाही.

या कामात एक गंमत अशी की आज बरोबर लावलेली धार महिन्याने तशी राहत नाही. स्पंज चोंदला की प्रवाह आपोआप कमी होतो, आपण म्हणतो वा, फायटर आता छान फिरतोय, आणि मग एक दिवस स्पंज पिळला की धार पुन्हा दुप्पट. म्हणून साफ केल्यानंतर प्रत्येक वेळी ती चुरा सोडून बघायची परीक्षा परत करा आणि नोझल जरा हलवा.

आता शेपटीच्या चिरांचं. धारेने किंवा आपटून फाटलेली शेपटी सरळ फाटते, कडेचा रंग तसाच राहतो, आणि पाणी स्वच्छ, धार मऊ असेल तर दोनतीन आठवड्यांत भरून यायला लागते, नवीन भाग आधी पारदर्शक दिसतो, घाबरू नका. पण कडा पांढुरक्या, काळपट किंवा लालसर झाल्या आणि शेपटी रोज आखूड होत चालली तर ती कुज आहे, मग पाण्याची टेस्ट करा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नसतील तर रोज पावभाग पाणी क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदला. तिसरी शक्यता गप्पींची. फायटर आणि रंगीत शेपटीचे नर गप्पी एकत्र ठेवणं मला स्वतःला पटत नाही. कधी फायटर त्यांना दुसरा फायटर समजून मागे लागतो, कधी तेच त्याची शेपटी कुरतडतात. आत्ता तो धारेमुळे कोपऱ्यात आहे म्हणून शांतता आहे, धार मोडल्यावर तो मोकळा होईल तेव्हा पहिले दोन दिवस नीट लक्ष ठेवा, मारामारी दिसली तर गप्पी वेगळे करावे लागतील.

आणि सकर. दुकानात बोटाएवढा असतो, पण तो फूटभर आणि त्याहून मोठा होतो, तुमच्या टँकमध्ये त्याला वळायलाही जागा राहणार नाही. मोठा झाला की दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्या, पण गोदावरीत, तळ्यात, धरणात सोडू नका, हात जोडून सांगते. आपल्या नद्याधरणांत हे परके सकर असेच सोडलेल्यांपासून वाढलेत, कोळ्यांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात, आणि इथल्या माशांची जागा खातात.

तर ताई, आज फक्त नोझल काचेकडे फिरवा, रेग्युलेटर कमी करा आणि फिल्टर रात्रभर चालू राहू द्या. उद्या पहाटे गप्पी बघा आणि दिवसा फायटर किल्ल्याबाहेर किती वेळ असतो ते मुलाला वहीत लिहायला सांगा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, दहा-दहा मिनिटं बघून. रविवारपर्यंत फरक वाटला नाही तर बाटली करा. दहा दिवसांनी ती वही आणि टँकचा समोरून काढलेला एक फोटो मला पाठवा, नोझल कुठे आहे आणि झाडं कुठे आहेत ते दिसेल असा, मग पुढचं बघू.